अंथरणारा हात : सुलभ अंथरूण-पांघरुणाचा उद्योग



‘अंथरूण’ आणि ‘पांघरूण’ ही दोन्ही नामे क्रियापदांशी बांधलेली आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेल. जे अंथरले जाते ते अंथरूण आणि जे पांघरले जाते ते पांघरूण. पलंग किंवा बाजले खोलीच्या कोपऱ्यात नुसते उभे असले तरी पलंग आणि बाजलेच राहते. अंथरूण मात्र कोणी तरी अंथरल्यावाचून सिद्ध होत नाही. असे असूनही आपले वाक्प्रचार अंथरुणाकडे पाहतात ते त्यावर पडलेल्या माणसाच्या बाजूने. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आजाऱ्याने अंथरूण धरावे, वृद्धाने अंथरुणाला खिळावे. ज्या हाताने ते अंथरले त्या हाताची दखल म्हणींनी फारशी घेतलेली नाही. प्रस्तुत पाठात आपण त्या हाताचा विचार करणार आहोत. ज्यांच्या बोटांत बळ उरलेले नाही, ज्यांचा एकच हात चालतो, ज्यांना नीट दिसत नाही किंवा वाकता येत नाही, अशा माणसांना स्वतःचे अंथरूण स्वतः घालता यावे म्हणून कोणत्या वस्तू करता येतील आणि पनवेलसारख्या ठिकाणी त्यांचा उद्योग कसा उभा राहू शकेल, हा आपला विषय आहे.

एक खुलासा प्रारंभीच करावयास हवा. शासकीय व व्यापारी मराठीत या वस्तूंसाठी ‘शय्यासाहित्य’ असा शब्द योजण्याची पद्धत आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला तो वाचून वेगळाच ग्रंथप्रकार आठवण्याचा संभव असल्यामुळे येथे ‘अंथरूण-पांघरूण’ हाच घरगुती शब्द वापरला आहे.

जमिनीवरून पलंगावर

महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत अंथरूण रात्री घातले जाई आणि सकाळी उचलले जाई. खाली सतरंजी किंवा घोंगडी, तिच्यावर गोधडी, अंगावर दुसरी गोधडी अथवा चादर. सकाळी या सर्वांची वळकटी होऊन ती भिंतीशी किंवा माळ्यावर जाई आणि तीच खोली दिवसा बसण्याउठण्याची होई. गोधडीला कोल्हापूरकडे ‘वाकळ’ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक ठेवून त्यांत धावदोरा घालून ती शिवली जाते. घोंगडी धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची; तिला चिंचोक्याची खळ देऊन कडकपणा आणला जातो.

ही व्यवस्था सोपी होती काय? काही अंशी होती. चादर खोचणे नव्हते, कोपरे नव्हते, गादी उचलणे नव्हते. एक टोक धरून झटकले की अंथरूण पसरत असे. परंतु ज्याला गुडघ्यांवर खाली बसता येत नाही, त्याच्यासाठी ती सोपी नव्हती. चार-पाच थरांची गोधडी भिजली म्हणजे एकटीला पिळवत नाही, हे ती धुतलेली कोणतीही स्त्री सांगेल. सोलापुरी चादरीचेही तसेच. जॅकार्ड मागावर विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी ही चादर महाराष्ट्राचा अभिमान आहे, तिला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षणही लाभले आहे. मात्र तिचा दाटपणा हाच थकलेल्या मनगटाला अडचणीचा होतो. जुन्या घरात या कष्टाचा बोभाटा झाला नाही, कारण उचलणारे हात अनेक होते. आजीने अंथरूण घालावे अशी अपेक्षा नव्हती, नातवंडे घालीत.

पुढे पलंग आला व त्याच्यासोबत कायमची गादी आली. पिंजारी धनुष्यासारखे पिंजण घेऊन गल्लीत येत, तातीचा टणत्कार करीत कापूस पिंजून गाद्या भरून देत. कोकणात उशांसाठी काटेसावरीचा मऊ कापूसही वापरीत. नंतर काथ्याच्या व फोमच्या तयार गाद्या दुकानांत दिसू लागल्या. अंथरूण उचलण्याचे रोजचे काम संपले, म्हणून श्रम कमी झाले असे वाटते. प्रत्यक्षात श्रमांचे रूप पालटले. आता चादर गादीखाली खोचावी लागते, त्यासाठी गादीचा कोपरा एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने कापड सारावे लागते. उशीवर अभ्रा चढवावा लागतो, दुलईला खोळ घालावी लागते. (या निमित्ताने एक भाषिक टीप : अभ्रा, अस्तर, चादर, तक्क्या, पलंगपोस हे सारे शब्द फारसीच्या वाटेने आले आहेत. जमिनीवरच्या अंथरुणाचे बरेचसे शब्द देशी आणि पलंगावरच्या वस्तूंचे बरेचसे शब्द फारसी, ही गोष्ट समाजाच्या इतिहासाबद्दल पुष्कळ सांगून जाते.)

पनवेलमधील खोली

पनवेल हे गाढी नदीच्या काठचे जुने व्यापारी गाव. येथील नगरपालिका १८५२ची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. रायगड जिल्ह्यातील ही पहिली महापालिका. सिडकोने वसविलेले नवीन पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग तिच्या हद्दीत येतात. या इमारतींतील घरांचे क्षेत्रफळ बेताचे असते आणि दुसऱ्या खोलीत पलंग ठेवायचा तर तो दोन भिंतींच्या कोपऱ्यात सारूनच ठेवावा लागतो. येथेच प्रश्नाचे मूळ आहे. पलंगाच्या दोन बाजू भिंतीला लागल्या की चारपैकी तीन कोपरे भिंतीलगत जातात. त्यांतल्या सर्वांत आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचण्यासाठी पलंगावर गुडघे टेकून चढावे लागते आणि ज्या गादीवर आपणच भार दिला आहे, तीच गादी उचलून चादर खोचावी लागते. तरुण माणूस हे पुटपुटत करतो. सत्तरीच्या स्त्रीचा तोल येथे जाऊ शकतो.

यात कोकणच्या पावसाळ्याची भर पडते. जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणामुळे कापसाची गादी ओल धरते, चादर दोन-दोन दिवस वाळत नाही. पूर्वी पाऊस सरला की गच्चीवर किंवा अंगणात गाद्यांना ऊन दाखवीत. बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या एकट्या माणसाने गादी कोठे न्यावी? म्हणून पनवेलमध्ये विकावयाची वस्तू हलकी आणि पंख्याखाली एका रात्रीत वाळणारी असली पाहिजे. ही अट मनात ठेवून आपण पुढे जाऊ.

कोणाचे हात?

‘वृद्ध व दिव्यांग’ असा सरसकट शब्दप्रयोग करून उद्योजकाचे काम भागत नाही. प्रत्येक अवस्थेत हाताची अडचण निराळी असते. संधिवातात बोटांच्या सांध्यांना सूज येते, त्यामुळे अंगठा व तर्जनी यांची चिमूट धरून कापड ओढणे दुखरे होते. मूठ किंवा सबंध तळवा मात्र पुष्कळदा वापरता येतो. अर्धांगवायूनंतर एक हात कामातून जातो. तेव्हा वस्तू एकाच वेळी धरून ठेवणे आणि ओढणे या दोन क्रिया एका हातावर येतात. दृष्टी अधू असेल तर पांढऱ्या गादीवर पांढऱ्या चादरीची लांब बाजू कोणती हे उमगत नाही.

पनवेल तालुक्यात नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. कुष्ठरोग आता बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. परंतु उपचाराला उशीर झाला असल्यास मज्जातंतूंची झालेली हानी मागे राहते. कोपराजवळून जाणारा मज्जातंतू दुखावला की करंगळी व अनामिका वाकून राहतात, आणि हाताच्या त्या बाजूची संवेदना जाते. अशा हाताला चेनचे बारीक टोक सापडत नाही. इतकेच नव्हे, तर चेनच्या दात्याने कातडी कापली तरी ते कळत नाही. संधिवाताच्या हाताला दुखते म्हणून जपावे लागते, या हाताला दुखत नाही म्हणून जपावे लागते. एकच खोळ या दोन्ही हातांना चालावी अशी करणे हे कौशल्याचे काम आहे, आणि ते नुसत्या दयाबुद्धीने साधत नाही.

याखेरीज एक हात नेहमी विसरला जातो, तो सेवा करणाऱ्याचा. घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल तर चादर बदलण्यासाठी त्याला एका कुशीवर वळवावे लागते; मोकळ्या झालेल्या अर्ध्या भागातील जुनी चादर त्याच्या पाठीपर्यंत गुंडाळायची, तेथेच नवी पसरायची, मग त्याला त्या गुंडाळीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचे व उरलेले काम करायचे. परिचारिकांना हे शिकविले जाते. सुनेला किंवा मुलाला कोणी शिकवीत नाही, आणि तिची वा त्याची कंबर धरते. चादरीची सुरकुती ही येथे नीटनेटकेपणाची बाब राहत नाही. माकडहाड, खुबे, टाचा या हाडे वर आलेल्या जागी सतत दाब राहिला की रक्तपुरवठा थांबून कातडी मरते व शय्याव्रण होते. ओल आणि सुरकुती त्याला हातभार लावतात. म्हणून रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी असे सांगितले जाते. चादर बदलणे जितके सोपे, तितकी ती वेळेवर बदलली जाण्याची शक्यता अधिक.

वस्तूंचा विचार

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे वळू. कोपऱ्यांना शिवलेले खिसे व त्यांत इलॅस्टिक असलेली, गादीवर बसणारी चादर तुम्ही पाहिली असेल. अमेरिकेत बर्था बर्मन यांना १९५९ मध्ये अशा चादरीचे पेटंट मिळाले. तिने खोचण्याचे काम वाचविले. परंतु चौथ्या कोपऱ्याचा प्रश्न उभा केला. तीन कोपरे बसतात आणि चौथा ओढताना समोरचा निसटतो, हा अनुभव धडधाकट माणसालाही येतो. चौथ्या कोपऱ्याला दोन हातांची ओढ आणि गादी उचलण्याचे बळ, दोन्ही एकदम लागते.

यावर एक उपाय असा : चार खिसे करण्याऐवजी उशाकडील पूर्ण रुंदीचा एकच खोल खिसा करावा आणि तो गादीच्या डोक्यावर टोपीसारखा चढवावा. पायथ्याकडे खिसाच नको. तेथे दोन रुंद पट्टे असावेत, जे गादीखालून घेऊन व्हेल्क्रोने चिकटविता येतील. पट्ट्यांच्या टोकाला चार बोटे किंवा सबंध मनगट शिरेल एवढी कापडी कडी शिवावी, म्हणजे चिमूट न धरता ओढता येते. दुसरा उपाय याहून मला अधिक पटतो. खालची खोळ एकदाच, घरातील सशक्त माणसाच्या मदतीने, गादीवर घट्ट बसवावी व ती महिनोन्महिने तशीच राहू द्यावी. झोपण्याचा वरचा पातळ थर मात्र तिच्या कडेला चेनने किंवा व्हेल्क्रोने जोडलेला असावा. धुवायचा तो एवढाच थर. गादी उचलण्याचा प्रश्न येत नाही, आतल्या कोपऱ्यापर्यंत जाण्याचा येत नाही, वाळविण्याचे वजनही निम्म्याहून कमी होते. चेन वापरायची तर तिला बोट सहज जाईल अशी मोठी कडी हवी आणि दात्यांवर कापडी झाकण हवे. मघाशी पाहिलेल्या संवेदनाहीन हातासाठी ते झाकण अत्यावश्यक आहे.

दुलईच्या खोळीचे तोंड सामान्यतः एका अरुंद बाजूला असते, त्यामुळे माणसाला खोळीत जवळजवळ शिरावे लागते. तीन बाजूंनी उघडणारी खोळ केली तर ती पलंगावर पुस्तकासारखी उघडी ठेवून, दुलई मध्ये घालून मिटता येते. अभ्र्याचेही तेच. हनुवटीखाली उशी दाबून अभ्रा चढविण्याची कला आपल्याला सर्वांना अवगत आहे. मान दुखणाऱ्याने ती कोठून आणावी? अभ्र्याची लांब बाजू उघडी ठेवून तिला रुंद घडी दिली की उशी नुसती आत सरकते. दृष्टिहीनांसाठी चादरीच्या लांब बाजूला बोटांना जाणवेल असा जाड गोट व रुंद बाजूला साधी टीप, एवढा भेद पुरेसा होतो. अल्पदृष्टी असणाऱ्यांसाठी तोच गोट गडद रंगाचा घ्यावा.

शिलाईतील काही गोष्टी येथे सांगितल्या पाहिजेत, कारण चांगली कल्पना बहुधा शिलाईत बिघडते. कापडाचा पन्हा अरुंद असला तर मोठ्या चादरीला मध्ये जोड द्यावा लागतो, आणि तो जोड नेमका निजणाऱ्याच्या पाठीखाली येतो. खिळलेल्या रुग्णासाठी असा जोड घातक आहे. मोठ्या पन्ह्याचे कापड महाग पडले तरी तेच घ्यावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून बेतण्यापूर्वी ते धुऊन घ्यावे, अन्यथा दुकानात बसणारी खोळ घरी महिन्याने बसत नाही. उकळत्या पाण्यात इलॅस्टिक सैल पडते. व्हेल्क्रो उघडे ठेवून धुतल्यास त्यात तंतू अडकतात व पकड जाते.

बाजारपेठ आणि कायदा

अशा वस्तू विकत कोण घेईल? ‘अपंगांसाठी’ असे लेबल लावले तर गरज असलेला माणूसही ती उचलताना बिचकतो, हे उद्योजकाने मनाशी पक्के धरावे. अमेरिकेत सॅम फार्बर यांनी पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे साधे सोलाणे धरताना होणारा त्रास पाहिला आणि १९९० मध्ये जाड, मऊ मुठीची स्वयंपाकाची साधने ‘ऑक्सो’ या नावाने बाजारात आणली. ती रुग्णांची साधने म्हणून विकली गेली नाहीत. धरायला बरी वाटतात म्हणून सर्वांनी घेतली. त्यामुळे खप वाढला, खप वाढल्याने किंमत आवाक्यात राहिली आणि संधिवाताच्या माणसाला वेगळ्या दुकानात जावे लागले नाही. वास्तुविशारद रॉन मेस यांनी रूढ केलेल्या ‘सार्वत्रिक अभिकल्प’ या संकल्पनेचे हे व्यवहारातील रूप होय. पनवेलमध्ये सोप्या चादरीचा पहिला ग्राहक कदाचित पाठदुखी असलेली नोकरदार स्त्री किंवा वसतिगृहातील विद्यार्थी असेल. त्यात वावगे काही नाही.

मात्र याचा अर्थ विशेष गरजा विसराव्यात असा नाही. झाकणाची चेन किंवा बिनजोडाची चादर सर्वसाधारण ग्राहक मागणार नाही. तो खर्च उद्योजकाने जाणीवपूर्वक करावयाचा असतो. या ठिकाणी व्यापार आणि न्याय यांच्यात ताण आहे आणि तो केवळ सदिच्छेने सुटेल असे वाटत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४३ मध्ये सार्वत्रिक अभिकल्पाच्या ग्राहकोपयोगी वस्तूंचा विकास, उत्पादन व वितरण यांना चालना देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. उतरंडी आणि उद्वाहने यांची चर्चा होते; चादर हीदेखील या कलमात बसते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

उत्पादक म्हणून दिव्यांगांचा विचार करताना आनंदवनाचे उदाहरण आठवते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठमुक्त आणि दिव्यांग कारागीर मागावर चादरी, सतरंज्या, टॉवेल विणतात. ज्या हातांना समाजाने घेण्यासाठी पसरलेले पाहिले होते, ते हात दुसऱ्यांचे अंथरूण तयार करू लागले. पनवेल परिसरात शिवणयंत्रावर काम करणारे महिला बचत गट अशा कारागिरांसोबत उभे राहिले, तर वापरणाऱ्याचा अनुभव थेट बेतणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचेल. कापड भिवंडी, इचलकरंजी किंवा सोलापूर येथून येऊ शकते. भांडवलासाठी प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाच्या ५० लाख रुपयांपर्यंतच्या प्रकल्पाला कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. सर्वसाधारण प्रवर्गासाठी ते शहरी भागात १५ टक्के व ग्रामीण भागात २५ टक्के, तर महिला, दिव्यांग आदी विशेष प्रवर्गांसाठी अनुक्रमे २५ व ३५ टक्के आहे. एकच कारखाना महापालिका हद्दीत काढला की हद्दीबाहेरच्या गावात, यावर हा फरक पडतो. नियमांत वेळोवेळी बदल होतात, तेव्हा जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करूनच अर्ज करावा.

शेवटची बाब तुमच्या अभ्यासाशी थेट निगडित आहे. या वस्तूसोबत एक चिठ्ठी जाते, आणि ती बहुधा इंग्रजीतून कसेबसे मराठीत आणलेली असते. ‘उत्पादनाच्या शीर्षभागातील आवरण-कोष गादीच्या ऊर्ध्व टोकास संलग्न करावा’ असे वाक्य वाचून कोणाचेही अंथरूण घातले जाणार नाही. ‘लाल गोटाची बाजू उशाकडे ठेवा. आधी ती टोपीसारखी गादीवर चढवा. मग पायथ्याकडे या’ हे मराठी सोपे आहे आणि अचूकही आहे. मोठी अक्षरे, एका वाक्यात एकच क्रिया आणि क्रियांचा क्रम हातांच्या क्रमाप्रमाणे, एवढे पाळले तर चष्मा शोधणाऱ्या माणसालाही ती चिठ्ठी उपयोगी पडते.

उपक्रम

तुमच्या घरी किंवा शेजारी साठ वर्षांवरील एखादी व्यक्ती स्वतःचे अंथरूण घालीत असेल, तर तिच्या परवानगीने ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा. मदत करू नका आणि सूचनाही देऊ नका. हात कोठे थांबतो, कोठे दुसऱ्या हाताची वाट पाहतो, कोणते काम अर्धवट सोडून दिले जाते, याची नोंद क्रमाने सुमारे २०० शब्दांत लिहा. त्यानंतर त्या व्यक्तीशी बोलून तिने स्वतः शोधलेली एखादी युक्ती, उदाहरणार्थ चादरीला मारलेली गाठ किंवा काठीने सारलेला कोपरा, असल्यास तिचे वर्णन त्या व्यक्तीच्याच शब्दांत नोंदवा. अखेरीस या पाठातील कोणत्याही एका वस्तूसाठी आठ वाक्यांची वापरचिठ्ठी तयार करून ती त्याच व्यक्तीला वाचावयास द्या, आणि कोणत्या वाक्यावर तिने थांबून तुम्हाला विचारले ते समासात लिहून अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्राला सोबत आणा.